डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा ऑनलाइन कोर्स (टेक्सास) आणि राज्याराज्यांचे वेगळे कायदे - अनुभव, माहिती

शेवंती_डॅलस | शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सकाळ मोकळी मिळाली म्हणून बसले. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, येऊन तीन वर्षं झाली. त्याआधी नाशकात अकरा वर्षं गाडी चालवली, कॉलेज रोडपासून कसारा घाटापर्यंत सगळीकडे, त्यामुळे गाडी आपल्याला येते याबद्दल मनात कधी शंकाच आली नव्हती. मार्चमध्ये स्पीडिंगचं पहिलं तिकीट (दंडाची पावती) मिळालं. त्यानंतर जे जे कळलं ते इथे लिहून ठेवते, नव्याने आलेल्यांना उपयोग होईल.

झालं असं की लेकीला कथकच्या क्लासहून घेऊन येत होते, संध्याकाळचे पावणेसात वगैरे. रस्ता ताशी ४५ मैलांचा, पुढे वस्ती लागते तिथे ३५ होतो. ती पाटी माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे आणि मी ती कधी वाचलीच नव्हती. ५१ ला पकडलं. मागे लाल-निळे दिवे लागले, मी गाडी उजवीकडे घेतली आणि सवयीने पट्टा काढून दार उघडलं, कारण आपल्याकडे मामांनी थांबवलं की आपण उतरतो, कागद दाखवतो, दोन शब्द बोलतो. एक पाय बाहेर ठेवला तेवढ्यात मागून स्पीकरवर आवाज आला, गाडीतच बसा. लेक मागे बूस्टरवर (लहान मुलांच्या उंच सीटवर) होती, ती तो आवाज ऐकून रडायलाच लागली. अधिकारी पुढे नीट बोलला, त्याबद्दल तक्रार नाही, पण ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. इथे थांबवलं तर उतरायचं नाही, अंधार असेल तर आतला दिवा लावायचा, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि पर्समध्ये किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये हात घालण्याआधी तोंडाने सांगायचं की कागद काढतेय. टेक्सासच्या ड्रायव्हर हँडबुकमध्ये यावर वेगळा भाग आहे. मी हँडबुक लेखी परीक्षेपुरतं चाळलं होतं, हा भाग सोडून दिला होता.

घरी आल्यावर नवरा म्हणाला ऑनलाइन भरून टाक, संपला विषय. मी कार्ड हातात घेऊन बसलेच होते, सहज एका मैत्रिणीला फोन केला आणि ती ओरडलीच, भरू नकोस! कारण दंड भरला की गुन्हा कबूल केल्यासारखंच होतं, रेकॉर्डवर लागतं, आणि मग कोर्सचा रस्ता बंद. हे प्लीज सगळ्यांनी लक्षात ठेवा. तिकिटावर कोर्टात हजर होण्याची जी तारीख असते तिच्या आत कोर्टाला कळवायचं की मला ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स (हाच तो डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा) करायचा आहे, बरोबर नो कॉन्टेस्ट (आरोप लढवत नाही) किंवा गिल्टी लिहून द्यायचं, इन्शुरन्सचा पुरावा जोडायचा, कोर्टाची फी भरायची (ती माफ होत नाही), मग ९० दिवस मिळतात. त्यात कोर्स संपवून सर्टिफिकेट आणि ड्रायव्हिंग रेकॉर्डची प्रमाणित प्रत द्यायची. ही प्रत टाइप ३ए म्हणून डीपीएसच्या (लायसन्स देणारं राज्याचं खातं) साइटवरून मागवायची. तिथे बऱ्याच प्रकारच्या प्रती दिसतात, दुसरी मागवलीत तर कोर्ट घेत नाही आणि पैसे वाया, मी आधी तेच केलं. हे सगळं झालं की केस डिसमिस होते.

पण सगळ्यांना हे मिळत नाही. १२ महिन्यांत एकदाच. लिमिटच्या २५ मैल किंवा त्याहून वर असाल तर नाही, ९५ किंवा त्यापुढे असाल तर नाही, कन्स्ट्रक्शन झोनमध्ये कामगार असताना केलेलं असेल तर नाही, कमर्शियल लायसन्स असेल तर अजिबात नाही.

आता कोर्स. टीडीएलआरची (टेक्सासचं परवाने देणारं सरकारी खातं) मान्यता असलेलाच घ्यायचा, त्यांच्या साइटवर यादी असते. सहा तासांचा असतो, एका बैठकीत करायची गरज नाही, मी चार रात्री लेक झोपल्यावर थोडा थोडा केला. प्रत्येक पानाला घड्याळ लावलेलं असतं, वाचून झालं तरी वेळ संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मध्येच आपली ओळख पटवणारे प्रश्न येतात, प्रत्येक धड्याला छोटी परीक्षा. पहिल्या रात्री मला नुसता वैताग आला होता. दुसऱ्या रात्री अंतराचा धडा आला आणि मी वही घेऊन बसले. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. समोर काहीतरी झालं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १३२ फूट पुढे. आठ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं. आणि मी रोज दोन गाड्यांचं अंतर ठेवून जात होते, तेही मागे लेक बसलेली असताना.

आपल्याकडे जागा सोडली की कोणीतरी घुसतं, म्हणून जागा सोडायचीच नाही हे हातापायांत बसलेलं असतं. आता समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायचं, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, त्याच्या आत आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात अजून वाढवायचं. कोणी मध्ये घुसलं तर पुन्हा मागे राहायचं. हेच तर डिफेन्सिव्ह, समोरचा चुकेल असं धरूनच चालायचं आणि त्याच्या चुकीला पुरेल एवढी जागा आपल्यापाशी ठेवायची. पंधरा दिवस मी रोज हे करून पाहिलं. माझ्या पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला फार तर दोन मिनिटं जास्त लागतात.

दुसरं म्हणजे कायदा. आपल्या डोक्यात असतं की कायदा देशाला एक, कारण भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो सगळीकडे तोच. इथे प्रत्येक राज्याचा वेगळा. मी फक्त टेक्सासचं लिहिलंय, बाकीच्या राज्यांतल्यांनी आपापलं लिहा ना प्लीज, सुट्टीत आपण सगळेच गाड्या घेऊन फिरतो.

बोरकूट | शनिवार, सकाळी १०:१५

फार चांगलं लिहिलंस शेवंती. आम्ही ह्यूस्टनला. स्कूल बसबद्दल भर घालतो कारण यात आपले खूप लोक चुकतात. बस थांबली, लाल दिवे उघडझाप करायला लागले की मागच्याने तर थांबायचंच पण समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. समोरून येणाऱ्याला सूट कधी, तर रस्त्याच्या मधोमध खरा डिव्हायडर असेल तेव्हाच, म्हणजे गवताचा पट्टा, कठडा असं काहीतरी. नुसती मधली डावीकडे वळायची पिवळी लेन असेल तर तो डिव्हायडर धरत नाहीत, थांबावं लागतं. पाच लेनचा रुंद रस्ता बघून वाटतं आपला काय संबंध. दंड ५०० ते १२५० डॉलर, आणि यावर कोर्स करून सुटका नाही.

अजून एक मूव्ह ओव्हरचा कायदा. कडेला पोलिस, ॲम्ब्युलन्स, टो ट्रक दिवे लावून उभा असेल तर त्याच्या शेजारची लेन सोडायची, जमत नसेल तर लिमिटपेक्षा २० मैल कमी करायचं. कडेला उभं राहून काम करणारी माणसं यात मरतात हो.

प्राजू_जर्सी | शनिवार, दुपारी १२:०५

आमच्याकडे तिकीट नसलं तरी लोक हा कोर्स करतात. न्यू जर्सीत केला की रेकॉर्डवरचे २ पॉइंट (ट्रॅफिकच्या गुन्ह्यांसाठी लागणारे दोषगुण) कमी होतात, पाच वर्षांतून एकदाच, आणि इन्शुरन्सला तीन वर्षं सवलत. माझा भाऊ क्वीन्सला असतो, न्यूयॉर्कमध्ये त्याच कोर्सला ३२० मिनिटं, इन्शुरन्समधल्या लायबिलिटी (दुसऱ्याचं नुकसान) आणि कोलिजनच्या (आपल्या गाडीचं) हप्त्यात १० टक्के कपात तीन वर्षं आणि ४ पर्यंत पॉइंट मोजणीतून वजा. वजा म्हणजे गुन्हा रेकॉर्डवरून पुसला जातो असं नाही, फक्त लायसन्स सस्पेंड करायचं की नाही हे ठरवताना धरत नाहीत. भावाचा यात गैरसमज होता.

बाहेरून न्यूयॉर्क शहरात गाडी घेऊन येणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा, लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही. बाकी बहुतेक ठिकाणी पूर्ण थांबून, बघून वळता येतं, पण शहरात पाटी लावून परवानगी दिली असेल तिथेच. मागचा कितीही हॉर्न मारू दे.

शेवंती, तुझी लेक आता बरी आहे ना? पोर घाबरली असेल गं.

शेवंती_डॅलस | शनिवार, दुपारी १२:३०

हो गं प्राजू, बरी आहे. आठवडाभर गाडीत बसलं की विचारायची, आई तो पोलिस परत येईल का. मग तिला सांगितलं की चूक माझी होती, त्यांचं ते कामच आहे.

बोरकूट, तो मधल्या पिवळ्या लेनचा मुद्दा मलाही कोर्समध्येच कळला. आमच्या शाळेबाहेरचा रस्ता तसाच आहे.

नवाआलो | शनिवार, दुपारी २:५०

नमस्कार, मी दोन महिन्यांपूर्वी एच१बी वर आलोय, डॅलसलाच, सेकंडहँड गाडी घेतली आणि सांगलीचं लायसन्स वापरत होतो, परवा मलाही स्पीडिंगचं तिकीट मिळालं ५८ इन ४५, रात्रभर झोप नाही आली कारण मित्र म्हणतात व्हिसा स्टॅम्पिंगला प्रॉब्लेम येतो, खरं आहे का? आणि मी हा कोर्स करू शकतो का? ताई कृपया सांगा.

शेवंती_डॅलस | शनिवार, दुपारी ३:२०

अरे आधी शांत हो. साधं स्पीडिंगचं तिकीट म्हणजे अटक नव्हे. व्हिसाच्या फॉर्मवर अटक झाली का, शिक्षा झाली का असं विचारतात, तुझ्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर तुझ्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून घे, मित्रांचं ऐकू नकोस. दारू पिऊन चालवणं हा पूर्ण वेगळा विषय आहे, त्यात नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करू शकतात, २०१५ पासून तसं धोरण आहे.

कोर्सचं म्हणशील तर त्यासाठी टेक्सासचं लायसन्स लागतं (नाहीतर सैन्यात असायला हवं), भारतातलं चालत नाही. पण म्हणून तारीख चुकवू नकोस!! सोमवारी सकाळी तिकिटावरच्या कोर्टाला फोन कर आणि क्लार्कला विचार की डिफर्ड डिस्पोझिशन मिळेल का. त्यात कोर्ट ठरावीक मुदत देतं, फी भरायची, त्या काळात दुसरा गुन्हा करायचा नाही, मग केस डिसमिस. द्यायचं की नाही ते जज ठरवतो.

आणि लायसन्स लगेच काढ. टेक्सासमध्ये राहायला आल्यावर ९० दिवसच बाहेरचं चालतं, तुझे दोन महिने गेलेसुद्धा.

जेम्सकाठचा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

व्हर्जिनियातून लिहितोय. हे वाचल्याशिवाय कोणी आमच्या राज्यात गाडी आणू नका, मनापासून सांगतोय.

आमच्याकडे लिमिटच्या २० मैल वर गेलात किंवा लिमिट काहीही असो ८५ च्या वर गेलात तर ते रेकलेस ड्रायव्हिंग. म्हणजे साधं तिकीट नाही, फौजदारी गुन्हा, क्लास १ मिसडिमीनर, कायद्यात १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २५०० डॉलरपर्यंत दंड आहे. आय ९५ हायवेवर काही भागात लिमिट ७० आहे, तिथे तुम्ही ८६ ला असाल तर १६च मैल वर आहात, दुसऱ्या राज्यात शे-दोनशेचं तिकीट मिळालं असतं, इथे कोर्टात उभं राहावं लागतं. २०२० च्या जुलैआधी तर ही मर्यादा ८० होती. आणि रडार डिटेक्टर (पोलिसांचं रडार ओळखणारं यंत्र) इथे बेकायदेशीर आहे, बंद करून समोर ठेवलेला दिसला तरी अडचण.

माझा भाचा मागच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाहून आमच्याकडे गणपतीला येत होता. ८८. रात्री अकराला मला फोन, मामा मला कागद दिलाय त्यावर रेकलेस लिहिलंय. पोराने आयुष्यात कधी साधा सिग्नल तोडलेला नाही. वकील लावला, तारखेच्या आधी आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स स्वतःहून करून सर्टिफिकेट घेऊन गेलो, स्पीडोमीटर तपासून घेतला. जजने ते बघितलं आणि साध्या स्पीडिंगवर आणलं. पण ते दोन महिने माझी बहीण सोलापुरात रोज देवापुढे बसून रडत होती. नवाआलो, तू सुटलास म्हण की हे टेक्सासात झालं.

सनीवेलची_सई | शनिवार, संध्याकाळी ६:००

कॅलिफोर्नियात याला ट्रॅफिक स्कूल म्हणतात. इथे केस डिसमिस होत नाही. दंड पूर्ण भरावा लागतो, वर कोर्टाची फी, वर शाळेची फी. मग मिळतं काय तर तो पॉइंट झाकला जातो, इन्शुरन्सवाल्यांना दिसत नाही. १८ महिन्यांतून एकदा. मला आधी वाटलेलं डबल पैसे कशाला, पण इन्शुरन्स वाढला असता तो हिशोब केला आणि केलं.

इथे येणाऱ्यांनी मोटारसायकलवाल्यांकडे लक्ष ठेवा, दोन लेनच्या मधून जाणं त्यांना इथे कायद्याने चालतं. ट्रॅफिक तुंबलंय म्हणून आरसा न बघता लेन बदलू नका.

वैदर्भी | रविवार, सकाळी ७:३०

मी नागपूरहून वाचतेय. तुमचे कायदे आम्हाला लागू नाहीत पण शेवंतीताईंचा तो तीन सेकंदांचा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे समृद्धी झाला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हा आम्हाला कोण आनंद, माहेर शिर्डीजवळ. १२० ची मर्यादा. सेकंदाला ३३ मीटर होतात ना ते? म्हणजे तीन सेकंदांचं अंतर म्हणजे शंभर मीटर. शंभर मीटर कोणी म्हणजे कोणी सोडत नाही. आयुष्यभर ६०-७० ने दुपदरी रस्त्यावर चालवलेली माणसं आपण, एकदम १२० वर गेलो, शिकवलं कोणीच नाही. २०२३ च्या जुलैत सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले त्यानंतर माझे सासरे समृद्धीचं नावच काढू देत नव्हते.

सरळसोट रस्ता, ना गाव ना चहाची टपरी, डोळे उघडे असतात पण माणूस झोपलेला असतो. त्यावर तुमच्या कोर्समध्ये काही होतं का ताई? आणि टायरचं? उन्हाळ्यात काँक्रीट तापून टायर फुटतात.

शेवंती_डॅलस | रविवार, सकाळी ८:१०

वैदर्भी, होतं, हायवे हिप्नोसिस म्हणून. नजर एकाच ठिकाणी लावून ठेवायची नाही, लांब रस्ता, मग आरसे, मग स्पीड, मग पुन्हा रस्ता असे डोळे फिरते ठेवायचे. दर दोन तासांनी थांबून गाडीबाहेर उतरून चालायचं. काच उघडून गार वारा घेतला की झोप जाते हे खरं नाही, त्याने पाच मिनिटं जातात फक्त, झोप आली तर थांबून वीस मिनिटं झोपणं हाच उपाय.

टायरची हवा गाडी थंड असताना बघायची, चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तेवढीच. कमी हवा जास्त धोक्याची, टायर जास्त वाकतो आणि तापतो. फुटलाच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, वेग उतरला की मग कडेला. सासऱ्यांना नमस्कार सांग, त्यांची भीती खरी आहे.

अण्णा_ऑस्टिन | रविवार, सकाळी ११:४५

२६ वर्षं झाली मला इथे. दोन गोष्टी सांगतो, नव्या मुलांनी जरूर वाचा.

पहिली डिपरची. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे तो म्हणतो मी येतोय, थांब. इथे बहुतेक वेळा उलटं, डिपर म्हणजे तू जा, मी थांबलोय. मी आलो त्या वर्षी चौकात डावीकडे वळायला उभा होतो, समोरच्याने दिवे मारले, मी थांबलो, तो थांबला, मागे रांग. हे त्रासाचं झालं, पण आपण भारतातल्या सवयीने दिवे मारत पुढे गेलो आणि समोरच्याने जा असा अर्थ घेतला तर थेट धडक आहे. इथे डिपर वापरूच नका म्हणतो मी.

चारी बाजूंना स्टॉप असेल तिथे जो आधी थांबला तो आधी जाणार, एकदम आले तर उजवीकडच्याचा नंबर. दिवे गेले, सिग्नल काळा पडला तर तोही स्टॉप समजायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात आमच्याकडे किती दिवस सिग्नल बंद होते, तेव्हा हाच नियम पाळून लोक गेले.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऑस्टिन-सॅन अँटोनियो भागात ओढ्यावर सरळ रस्ताच टाकलेला असतो, लो वॉटर क्रॉसिंग म्हणतात, आपल्या फरशी पुलासारखं. पाऊस दहा मैलांवर पडलेला असतो आणि पाणी इथे येतं. कोकणातली, कोल्हापूरकडची माणसं म्हणतात आम्ही पाण्यातून गाड्या काढलेल्या आहेत. अहो वाहतं पाणी एक फूट असलं तरी लहान गाडी उचलते, दोन फुटांत बहुतेक सगळ्या गाड्या जातात, पिकअपसुद्धा. रात्री खोली दिसत नाही, खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय तेही कळत नाही. आडवा कठडा लावलेला असेल तर त्याला वळसा घालून जाणं गुन्हाही आहे. २००७ मध्ये माझ्या शेजारचं कुटुंब असंच निघालं होतं, सासूबाई हट्टाला पेटल्या आणि परत फिरायला लावलं, म्हणून आज ते सगळे आहेत. वळा आणि परत जा. उशीर होऊ दे.

बोरकूट | रविवार, दुपारी १:००

अण्णा, +१०००. ह्यूस्टनला अंडरपासमध्ये हेच होतं.

नवाआलो | सोमवार, सकाळी १०:५५

ताई, कोर्टाला फोन केला. क्लार्कबाई खूप चांगल्या बोलल्या, म्हणाल्या तारखेच्या आत लेखी अर्ज दे, डिफर्डचं जज बघतील, लायसन्सची अपॉइंटमेंट घेतल्याचा कागद असेल तर तोही जोड. अपॉइंटमेंट मिळाली, पुढच्या गुरुवारी लेखी, ३० प्रश्न आहेत म्हणे. काल रात्री हँडबुक पहिल्यांदा नीट वाचायला घेतलं, फ्लॅशिंग यलो ॲरोला (उघडझाप करणारा पिवळा बाण) मी आत्तापर्यंत हिरवा समजून वळत होतो, समोरच्यांना आधी जाऊ द्यायचं असतं हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

रोड टेस्टला पॅरलल पार्किंग विचारतात का?

शेवंती_डॅलस | सोमवार, दुपारी १२:१५

विचारतात. आणि रोड टेस्टच्या आधी इम्पॅक्ट टेक्सास ड्रायव्हर्सचा तासाभराचा व्हिडिओ बघून सर्टिफिकेट काढ, फुकट आहे, त्यानंतर ९० दिवसांच्या आत टेस्ट द्यावी लागते. वय २५ च्या आत असेल तर सहा तासांचा वेगळा कोर्सही आहे, ते बघ.

टेस्टपर्यंत गाडी ऑफिसला नेऊ नकोस एकट्याने, नवऱ्याच्या टीममधला एक मुलगा तुझ्याच बाजूला राहतो, त्याला विचारते. आणि रविवारी सकाळी आठला आमच्या लायब्ररीच्या मागच्या पार्किंगमध्ये ये, तेव्हा तिथे कोणी नसतं. आमच्याकडे चार नारिंगी कोन आहेत, नवऱ्याने माझ्या टेस्टच्या वेळी आणलेले. पत्ता मेसेज करते.